वसईच्या क्रोम प्लेटिंगला गरम कुंडातलं एन्झाइम चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारा मुंबईत मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करतोय. वडिलांचं वसईला क्रोम प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. रोज साधारण २००० लिटर धुण्याचं पाणी निघतं, त्यात हेक्सा क्रोम (हेक्साव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विरघळणारं विषारी रूप) लिटरला ५० मिलीग्रॅमच्या आसपास. जड धातूंचं विष उतरवणारी आणि उष्णतेला टिकणारी एन्झाइम काही जीवाणूंमध्ये असतात असं त्याच्या वाचनात आलंय. ती ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत) मेटाबायसल्फाइट या नेहमीच्या रसायनाच्या जागी घालता येतील का, त्यानं गाळ कमी होईल का, आणि गणेशपुरी-वज्रेश्वरीच्या कुंडांतून असा जीवाणू शोधायचा प्रोजेक्ट घ्यावा का, असं त्यानं विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही वडिलांना ईटीपीत हात घालायला लावणार नाही. पण ते 'नाही' कशामुळे, हे समजून घेतलंत तर प्रोजेक्ट कोणता घ्यायचा तेही कळेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं अर्धं आयुष्य एन्झाइम बनवण्यात गेलं आणि उरलेलं कारखान्यांच्या सांडपाण्यात, त्यामुळे दोन्ही बाजूंची रडगाणी मला पाठ आहेत.

धातू संपत नाही. रंग, फिनॉल, कीटकनाशक यांचे रेणू जीवाणू तोडतो, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं, विषय मिटतो. क्रोमियम किंवा पारा हे मूलद्रव्यच आहे, त्याला कुठलंही एन्झाइम तोडू शकत नाही. एन्झाइम फक्त त्याचं रूप बदलतं. म्हणून 'डिटॉक्स' करणाऱ्या कुठल्याही एन्झाइमबद्दल वाचलं की मी दोनच गोष्टी शोधतो: काम झाल्यावर धातू कुठे गेला, आणि रूप बदलायला लागणारे इलेक्ट्रॉन कोणी पुरवले. शोधनिबंधाच्या सारांशात बहुतेक वेळा दोन्ही नसतात. तिथे तापमान असतं.

पाऱ्यापासून सुरू करतो, कारण या सगळ्यात सर्वात नीट उलगडलेली यंत्रणा त्याचीच आहे. 'मर' नावाचा जनुकांचा गट असतो. मर-आर पाऱ्याची चाहूल घेतं, मर-पी आणि मर-टी त्याला पेशीच्या आत आणतात, मर-बी सेंद्रिय पाऱ्यातला कार्बन-पारा बंध तोडतं, आणि मर-ए, म्हणजे मर्क्युरिक रिडक्टेज, एनएडीपीएचकडून (पेशीतला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) दोन इलेक्ट्रॉन घेऊन आयनरूपातल्या पाऱ्याचा साधा धातुरूप पारा करतं. मर-ए हे जुनं एन्झाइम आहे. त्याच्या वंशावळीचा अभ्यास करणाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलं की त्याचा उगम उष्णताप्रिय जीवाणूंमध्ये झाला असावा. पटण्यासारखं आहे, कारण ज्वालामुखीच्या परिसरातल्या गरम झऱ्यांत पारा असतो आणि तिथल्या जीवांना त्याच्याशी पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागलं. तांबड्या समुद्राच्या तळाशी, २००० मीटरहून खोल, अटलांटिस-२ नावाचं खारं कुंड आहे. पाणी ६८ अंशांच्या आसपास, मीठ साध्या समुद्राच्या कित्येक पट, आणि धातूंची रेलचेल. तिथल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएमधून काढलेलं एक मर-ए मीठ, उष्णता आणि भरपूर पारा हे तिन्ही एकदम सहन करतं. प्रथिनाच्या रचनेकडे बघणाऱ्याला ते प्रकरण फार सुंदर वाटतं. जमिनीवरच्या भावंडापेक्षा त्यात मोजकीच अमिनो आम्लं (प्रथिनाच्या विटा) वेगळी आहेत, आणि वागणुकीत जमीन-अस्मानाचा फरक.

आता विचारा, पारा गेला कुठे? हवेत. धातुरूप पारा सहज वाफ होऊन उडतो. जीवाणूच्या दृष्टीनं सुटका, पण बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात जाऊन तो थेट मज्जासंस्थेवर बसतो. हवेत गेलेला पारा महिनोन्‌महिने फिरून पावसाबरोबर कुठेतरी खाली येतोच. म्हणून मर-ए वर काम करायचं तर फ्यूम हूड (विषारी वाफ ओढून घेणारं कपाट) आणि बाहेर जाणाऱ्या हवेवर आम्लयुक्त परमँगनेटचा सापळा लावल्याशिवाय बाटलीचं झाकणही उघडायचं नाही. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या संशोधकांनी क्लोर-अल्कली (मिठापासून क्लोरीन आणि कॉस्टिक बनवणाऱ्या) कारखान्याच्या पाण्यावर हे काम खरोखर मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं, ते २००० साली प्रसिद्ध झालं. त्यांनी सच्छिद्र खडे भरलेल्या बंद टाकीत जिवंत जीवाणू बसवले, त्यामुळे पारा उडून न जाता बारीक थेंबांच्या रूपात आतच अडकून राहिला आणि पुढे कार्बनच्या गाळणीनं उरलासुरला पकडला. कमाल एन्झाइमची जेवढी, तेवढीच त्या बंद टाकीची. आपल्याकडे कल्याणजवळच्या काळू नदीत अशाच कारखान्याच्या पाऱ्याचा प्रश्न एकेकाळी गाजला होता. पुढे हा उद्योग पाऱ्याच्या सेलकडून पारा न लागणाऱ्या मेम्ब्रेन सेलकडे वळला आणि आवक उगमापाशीच आटली. सांडपाण्याच्या धंद्यात हा प्रकार वारंवार दिसतो: उत्तम उपचारपद्धत तयार होईपर्यंत मूळ प्रक्रियाच बदलते.

आर्सेनिकचं उलटं आहे. आर्स-सी नावाचं रिडक्टेज (इलेक्ट्रॉन देऊन रूप बदलणारं एन्झाइम) आर्सेनेटचं आर्सेनाइट करतं, आणि आर्सेनाइट अधिक विषारी. जीवाणू ते पंपानं पेशीबाहेर फेकतो म्हणून त्याचं भागतं, आपल्या पाण्याचं काय? आपल्याला हवं असतं आर्सेनाइट ऑक्सिडेज, म्हणजे मॉलिब्डेनम असलेलं एन्झाइम, जे आर्सेनाइटचं आर्सेनेट करतं. आर्सेनेट लोहाच्या हायड्रॉक्साइडला घट्ट चिकटतं आणि गाळता येतं. थर्मस गटातले गरम झऱ्यांतले जीवाणू हे काम झपाट्यानं करतात. तेव्हा एन्झाइमचं नाव वाचून हुरळून जायचं नाही, बाणाची दिशा बघायची.

शिसं आणि कॅडमियम यांना तर 'कमी विषारी' असं सोयीचं दुसरं रूपच नाही. जीवाणू त्यांना बाहेर ढकलतो, प्रथिनात बांधतो, किंवा फॉस्फेट, सल्फाइड, कार्बोनेट म्हणून अवक्षेप (न विरघळणारा साका) करून टाकतो. या मुद्द्याकडे पुन्हा येतो, तुमच्या प्रोजेक्टची बीजं तिथे आहेत.

आता तुमचं क्रोमियम. हेक्साव्हॅलंट रूप पाण्यात सहज विरघळतं, दिसायला सल्फेटसारखं असल्यानं सल्फेटच्याच वाटेनं पेशीत शिरतं आणि आत गेल्यावर नासधूस करतं. त्याला तीन इलेक्ट्रॉन मिळाले की होणारं ट्रायव्हॅलंट रूप पीएच ८ च्या आसपास हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. म्हणजे इथे रूप बदलण्याला खरा अर्थ आहे. तुमच्या वडिलांकडे आज नेमकं तेच होतं: आम्ल घालून पीएच २ ते ३, मेटाबायसल्फाइट, पिवळं पाणी हिरवट झालं की चुना, मग गाळ. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी केंद्राचं सर्वसाधारण प्रमाण हेक्सासाठी लिटरला ०.१ मिलीग्रॅम आणि एकूण क्रोमियमसाठी २ मिलीग्रॅम. हे दोन आकडे वेगवेगळे आहेत हे डोक्यात ठेवा, पुढे कामाला येतील.

उष्णतेला टिकणारं क्रोमेट रिडक्टेज आहे, आणि त्याची गोष्टही मोठी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत, तीन किलोमीटरहून खोल झिरपणाऱ्या पाण्यात थर्मस स्कोटोडक्टस नावाचा जीवाणू सापडला, ६५ अंशांना मजेत वाढणारा. त्याच्यातून शुद्ध केलेलं क्रोमेट रिडक्टेज 'जुनं पिवळं एन्झाइम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातलं निघालं, पोटात एफएमएन (इलेक्ट्रॉन पुढे देणारा पिवळा रेणू) असलेलं. पण या घराण्याचं मूळ काम क्रोमेट नाही. त्याच्या तावडीत जे येतं त्याला ते इलेक्ट्रॉन देतं, क्रोमेट त्यातलंच एक. पाऱ्यासाठी जसं खास घडवलेलं मर-ए आहे, तसं क्रोमियमसाठी निसर्गानं खास घडवलेलं फारसं काही दिसत नाही. बहुतेक 'क्रोमेट रिडक्टेज' ही दुसऱ्या कामावरची, जाता जाता क्रोमियमला हात लावणारी एन्झाइम आहेत, आणि वेगात ते जाणवतं.

उष्णतेबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की उष्णतेला टिकणारं एन्झाइम म्हणजे गरम पाण्यात वापरायचं एन्झाइम. तुमचा हार्ड क्रोमचा बाथ (प्लेटिंगची टाकी) ५०-५५ अंशांवर चालत असेल, पण एन्झाइम काही बाथमध्ये जाणार नाही, ते जाणार धुण्याच्या पाण्यात, आणि ते पाणी खोलीच्या तापमानाचं असतं. २००० लिटर पाणी ३० वरून ६५ अंशांवर न्यायला ८० युनिटच्या वर वीज लागते. रोज. आणि न तापवता वापरलंत तर ७५ अंशांना धावणारं एन्झाइम ३० अंशांना रेंगाळतं. दर १० अंशांना वेग दुप्पट हा ढोबळ हिशोब धरला तर ते आपल्या कमाल वेगाच्या विसाव्या हिश्श्यावर येतं. ज्या ताठर बांधणीमुळे ते उकळत्या पाण्यात उलगडत नाही, तीच बांधणी थंडीत त्याला हलू देत नाही. आयनांचे जास्त पूल, आखूड वळणं, वळणांवर प्रोलीन हे ताठर अमिनो आम्ल, गच्च भरलेला गाभा, अशी ती बांधणी असते.

दुसरं, 'इष्टतम तापमान ८० अंश' या वाक्यावर कधी विश्वास ठेवू नका. ते बहुधा दहा मिनिटांच्या चाचणीतलं असतं. दहा मिनिटं धावून मरणारं एन्झाइमही तिथे अव्वल ठरतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. विचारायचं ते अर्धायुष्य: ६० अंशांना ठेवलं तर निम्मी क्रिया किती तासांनी उरते? आणि तेही धातूच्या हजेरीत. उष्णतेला टिकणारं एन्झाइम धातूलाही टिकेल असं काही नाही. पारा, कॅडमियम हे प्रथिनातल्या सिस्टीन या गंधकवाल्या अमिनो आम्लाला धरतात, आणि मोक्याच्या जागी सिस्टीन असेल तर ताठर बांधणी काय कामाची? शिवाय प्लेटिंगच्या पाण्यात नुसतं क्रोमियम नसतं. साबण, वेटिंग एजंट, निकेल, तांबं, कुठे सायनाइड, सगळी मंडळी हजर असतात.

मग उष्णतेला टिकण्याचा उपयोग काय? माझ्या मते दोन जागी, आणि दोन्ही पाण्याच्या टाकीपासून लांब.

पहिली जागा म्हणजे शुद्धीकरण. थर्मसचं जनुक ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या जीवाणूत घालून एन्झाइम बनवलं, पेशी फोडल्या, की हातात पिवळसर चिकट रस येतो आणि त्यात ई. कोलायची हजारो प्रथिनं असतात. तो रस ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवायचा. पाचेक मिनिटांत तो नासलेल्या दुधासारखा फाटतो. सेंट्रिफ्यूज केलं की तळाशी पांढरट गठ्ठा, वर नितळ पाणी, आणि एफएमएनवालं एन्झाइम असेल तर ते पाणी हळदीच्या रंगाचं. ती पिवळी झाक दिसली की समजायचं, माल वर आहे. महागड्या कॉलमची एक पायरी वॉटर बाथनं वाचवली. छोट्या लॅबला हा फायदा सोन्यासारखा आहे. एकच काळजी: रस फार घट्ट ठेवू नका, गठ्ठ्याबरोबर तुमचं एन्झाइमही अडकून खाली जातं.

दुसरी जागा म्हणजे मुंबईचा मे महिना. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली एन्झाइमची बाटली, लाईट गेलेली, थर्मोकोलच्या खोक्यातला बर्फ विरारच्या गाडीतच वितळलेला. साधं एन्झाइम तिथे आठवड्यात मान टाकतं. उष्णतेला टिकणारं, वाळवलेलं एन्झाइम फ्रिजशिवाय महिने काढू शकतं. फ्रिज नसलेल्या ठिकाणी पोचणारं एन्झाइम ही गोष्ट ८० अंशांच्या विक्रमापेक्षा कितीतरी मोलाची आहे, पण त्यावर शोधनिबंध कमी निघतात.

आता इलेक्ट्रॉनांचा हिशोब, खरी मेख इथे आहे. हेक्साचं ट्रायव्हॅलंट करायला तीन इलेक्ट्रॉन लागतात. एनएडीपीएचचा एक रेणू दोन देतो. म्हणजे क्रोमियमच्या एका मोलला दीड मोल एनएडीपीएच. क्रोमियमचा मोल ५२ ग्रॅम, एनएडीपीएचच्या बाजारात मिळणाऱ्या सोडियम क्षाराचा साधारण ८३३ ग्रॅम. गणित करा: एक ग्रॅम क्रोमियमला २४ ग्रॅम एनएडीपीएच. तुमच्याकडे रोज २००० लिटरमध्ये १०० ग्रॅम क्रोमियम, म्हणजे रोज २.४ किलो एनएडीपीएच. हे रसायन लॅबमध्ये मिलीग्रॅमवर मोजून वापरतात. मेटाबायसल्फाइटचा तोच हिशोब एका ग्रॅमला पावणेतीन ग्रॅम, म्हणजे दिवसाला पावकिलोच्या थोडं वर, आणि जास्तीचा डोस धरला तरी अर्ध्या किलोत काम होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण इथे मसाल्यात कोंबड्यांचा अख्खा पोल्ट्री फार्म येईल.

यावर उत्तर म्हणून एनएडीपीएच पुन्हा पुन्हा भरून घेणारं दुसरं एन्झाइम जोडतात. ग्लुकोज डिहायड्रोजनेज घाला, ग्लुकोज स्वस्त आहे. कागदावर छान. पण एनएडीपीएच स्वतःच नाजूक आहे. आम्लात ते भराभर मोडतं, फॉस्फेट बफरमध्ये आणखी लवकर, आणि तापमान वाढलं की विचारूच नका. ७० अंशांना तुमचं एन्झाइम ठणठणीत आणि त्याला इलेक्ट्रॉन देणारा मेलेला, अशी अवस्था होते. थर्मसच्या त्या पिवळ्या एन्झाइमवर लोकांनी एनएडीपीएचऐवजी साधे, कृत्रिम निकोटिनामाइड वापरून पाहिलेत आणि ते चालतातही, पण औषधनिर्मितीत किलोला लाखांची किंमत मिळणाऱ्या मालासाठी ते ठीक. सांडपाण्याला कोण ती किंमत देणार?

आणखी एक फासा उलटा पडतो. एन्झाइमनं केलेलं ट्रायव्हॅलंट क्रोमियम आजूबाजूच्या सेंद्रिय रेणूंना, अगदी इलेक्ट्रॉन देऊन उरलेल्या निकोटिनामाइडच्या रेणूलाही (एनएडी), धरून बसतं आणि विरघळलेलंच राहतं. चुना घातला तरी खाली बसत नाही. हेक्साची चाचणी शून्य येते, सगळे खूश, आणि एकूण क्रोमियम २ च्या वर. वर दोन आकडे लक्षात ठेवा म्हटलं ते याचसाठी.

जिवंत पेशी वापरल्या तर एनएडीपीएचचा खर्च सुटतो, त्या काकवी खाऊन तो स्वतः बनवतात. पण मग वसईच्या गाळ्यात तुम्हाला एक पाळीव जीव सांभाळायला लागतो, रविवारीही. जनुक बदललेला असेल तर उघड्यावर सोडायला जीईएसीची (जनुक बदललेल्या जीवांना परवानगी देणारी केंद्राची समिती) परवानगी लागते, आणि छोट्या युनिटनं त्या वाटेला जाऊ नये. एन्झाइमची त्या मानानं एक बाजू खरीच जमेची आहे: जिवंत काहीच लॅबबाहेर जात नाही.

म्हणून माझं ठाम मत असं की धातूंवर काम करायचं असेल तर इलेक्ट्रॉन न मागणारी एन्झाइम बघावीत. फॉस्फेटेज घ्या. ते एखाद्या सेंद्रिय फॉस्फेटमधून फॉस्फेट सुटं करतं, आणि पाण्यातला धातू त्या फॉस्फेटला धरून अवक्षेप होतो. ना एनएडीपीएच, ना अशा दुसऱ्या मदतनीस रेणूची (कोफॅक्टर) कटकट. याचं उत्तम उदाहरण आपल्याच शहरात आहे. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटानं, किरणोत्साराला न जुमानणाऱ्या डायनोकॉकस रेडिओड्युरन्स या जीवाणूत फॉस्फेटेजचं जनुक घालून पातळ द्रावणातलं युरेनियम फॉस्फेटरूपात खाली बसवून दाखवलं. ते काम २००६ साली प्रसिद्ध झालं. पुढे अल्कधर्मी कचऱ्यासाठी वेगळं फॉस्फेटेज शोधलं, आणि पेशी गोठवून वाळवून ठेवल्या तरी काम होतं हेही तपासलं. त्या निबंधांत धातू शेवटी कुठे आणि कोणत्या रूपात बसला हे दिसतं. मी विद्यार्थ्यांना ते आधी वाचायला देतो.

आता गणेशपुरी. तानसाच्या काठची अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरीची कुंडं साधारण ५० अंशांच्या आसपासची. रत्नागिरी जिल्ह्यातलं उन्हवरे किंवा तुरळ त्याहून गरम. मुंबईच्या मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्यांनी या कुंडांचं पाणी इतकं नेलंय की आता पुजाऱ्यालाही बाटल्यांचं कौतुक राहिलं नसेल. जीवाणू मिळतील, जिओबॅसिलस, ॲनॉक्सिबॅसिलस वगैरे हमखास मिळतात. पण त्या पाण्यात क्रोमियमचा जाच नाही, त्यामुळे तिथल्या जीवाणूनं क्रोमियमविरुद्ध काही खास कमावलेलं असण्याचं कारण नाही. जायचं तर जा, जीवाणू वाढवायच्या जेलीसाठी आगरऐवजी जेलन गम घ्या, कारण ६०-७० अंशांना आगरची प्लेट पाणी सोडते आणि दोन दिवसांत पापडासारखी आकसते. पण एम.एस्सी.च्या एका वर्षात मी तरी जीवाणू शोधत बसणार नाही. डेटाबेसमधून जनुकाचा क्रम उचला, ते बनवून मागवा, आणि वेळ मोजमापात घाला.

मोजमापात विद्यार्थी कुठे घसरतात ते सांगतो. पहिलं, 'उकळलेलं एन्झाइम' हा कंट्रोल (तुलनेसाठीची नळी) इथे चालत नाही, अहो ते उकळून मरेलच याची खात्री नाही. ऑटोक्लेव्ह करा (दाबाखालच्या वाफेत ठेवा) किंवा सक्रिय जागा मुद्दाम बिघडवलेलं एन्झाइम (म्युटंट) वापरा. दुसरं, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ग्लुकोज, मर्कॅप्टोइथॅनॉल, हे सगळे गरम झाले की स्वतःच क्रोमेटचं क्षपण करतात (त्याला इलेक्ट्रॉन देतात), एन्झाइमचा पत्ता नसताना. एन्झाइमविना, माध्यमासकट, त्याच तापमानाला ठेवलेली नळी प्रत्येक वेळी हवीच. तिसरं, ३४० नॅनोमीटरला एनएडीपीएच मोजताना क्रोमेटही तिथेच प्रकाश शोषतं, त्याचा माथा ३७० च्या आसपास असतो. दोन्ही एकदम उतरतात आणि वेग फुगून दिसतो. क्रोमेट वेगळं मोजा, डायफिनाइलकार्बाझाइडनं, आम्लात, ५४० ला. जांभळट रंग येतो. आणि ही चाचणी फक्त हेक्सा दाखवते, म्हणून त्याच नळीतलं गाळलेलं पाणी एकूण क्रोमियमसाठी ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनला (धातू मोजणारं यंत्र) द्या. या तीन गोष्टी नसलेला क्रोमेट रिडक्टेजचा निबंध माझ्याकडे तपासायला आला तर मी तो पुढे वाचत नाही.

पाऱ्यासाठी किंवा आर्सेनिकसाठी सेन्सर हाही एक चांगला मार्ग आहे. थर्मस थर्मोफिलसचं आर्स-सी सोन्याच्या नॅनोकणांवर बसवून आर्सेनिक ओळखण्याचं काम इटलीत झालंय. सेन्सरला एन्झाइम मायक्रोग्रॅममध्ये लागतं आणि शेल्फवर टिकणं हीच त्याची परीक्षा असते, त्यामुळे उष्णतेला टिकण्याचे पैसे तिथे वसूल होतात. हेक्सा क्रोमसाठी मात्र नको, त्याच्या स्वस्त पट्ट्या आधीच मिळतात.

माझी पसंती विचाराल तर फायटेज, म्हणजे फायटेट या धान्यातल्या फॉस्फेटच्या साठ्यातून फॉस्फेट सुटं करणारं एन्झाइम. कोंबडीखाद्याच्या गोळ्या बनवताना ८०-९० अंशांची वाफ लागते, त्यात टिकावं म्हणून उष्णतेला टिकणारं सूक्ष्मजीवांचं फायटेज कंपन्यांनी आधीच तयार केलंय आणि ते खाद्यवाल्यांकडे किलोवर मिळतं. त्याचा कच्चा माल फायटेट, आणि तो भाताच्या कोंड्यात भरपूर. फायटेटमधून सुटणाऱ्या फॉस्फेटनं शिसं किंवा कॅडमियम खाली बसतं का, किती उरतं, आणि फायटेज किती धातूला बंद पडतं, एवढं नीट मोजलंत तरी प्रबंध उभा राहील. अडचणी आहेतच. अख्खा फायटेट स्वतःही धातूला धरतो, कधी विरघळलेला ठेवतो, त्यामुळे 'एन्झाइमविना फायटेट' हा कंट्रोल टाळता येणार नाही. बुरशीची फायटेजं आम्लात चालतात, कॅडमियम फॉस्फेट मात्र उदासीन पीएचला नीट बसतो. बॅसिलसचं फायटेज उदासीन पीएचला चालतं पण त्याला कॅल्शियम लागतं. शेवटी उरलेलं फॉस्फेट नाल्यात गेलं तर तिथे शेवाळ माजेल, तेही मोजा.

राहिला गाळ. तुमच्या १०० ग्रॅम क्रोमियमचा कोरडा हायड्रॉक्साइड २०० ग्रॅमच्या आसपास होतो, तो मेटानं करा नाहीतर एन्झाइमनं, तेवढाच. फिल्टर प्रेसमधून त्याच्या कितीतरी पट केक निघत असेल तर त्यात पाणी आणि चुन्याचा न विरघळलेला भाग जास्त आहे. तीन बीकर घ्या, रिडक्शन (हेक्साचं ट्रायव्हॅलंट) झालेलं तेच पाणी सगळ्यांत, आणि चुना, कॉस्टिक, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड यांनी पीएच ८ ते ८.५ वर आणून अर्ध्या तासानं गाळाची उंची बघा. कॉस्टिकनं गाळ कमी होतो पण तो हलका, उशिरा बसणारा, थोडं पॉलिइलेक्ट्रोलाइट (गाळाचे कण एकत्र आणणारं रसायन) लागतं, आणि हात जड झाला तर पीएच १० च्या पुढे जाऊन क्रोमियम पुन्हा विरघळायला लागतं. मॅग्नेशियमवाला घट्ट बसतो आणि पीएच फार वर जाऊ देत नाही, पण सावकाश विरघळतो, ढवळायला वेळ द्या. त्याआधी बाथनंतर एक साध्या पाण्याची ड्रॅग-आउट टाकी (वस्तूला चिकटून आलेलं द्रावण धुऊन धरून ठेवणारी) ठेवा आणि तिचं पाणी बाष्पीभवनानं कमी झालेल्या बाथमध्येच परत भरा. क्रोमिक ॲसिडचे पैसे वाचतील आणि ईटीपीला येणारं क्रोमियमच कमी होईल.